चौदा फिदवा

आभाळ नारिंगी व्हायला लागलं, तेव्हा तबारक रस्त्याच्या अगदी मधोमध उभी होती आणि तिच्या हातात काठोकाठ भरलेला काचेचा ग्लास होता.

बसऱ्यावर धुळीचं वादळ येत होतं. पाच मिनिटांत समोरचा खांबसुद्धा दिसणार नाही, असं. दुकानांची शटरं धडाधड खाली येत होती, बाया अबायाची टोकं दातात धरून पळत होत्या, आणि ही बया मात्र ग्लासावर तळहात झाकून, अंड्यातून आत्ताच निघालेलं पिल्लू घेऊन जावं तशी एकेक पाऊल टाकत चालली होती. सांडायचं नाही. धूळ पडू द्यायची नाही. त्या ग्लासात जमहूरिया मोहल्ल्यातल्या नळाचं पाणी होतं, आणि ते जसंच्या तसं खालाच्या घरी पोचायला हवं होतं.

आणि अचानक तिच्या डोक्यावर छत्री आली.

पांढरीशुभ्र छत्री! फोटो काढणाऱ्यांकडे उजेड मऊ करायला असते ना, तसली. धरणारा मुलगा चांगला उंच होता, त्याच्या भुवया धुळीने पिवळ्या झाल्या होत्या आणि तो चक्क हसत होता.

"डोक्यावर काय धरताय?" तबारक ओरडली. "ग्लासावर धरा, ग्लासावर!"

त्याने निमूटपणे छत्री खाली घेतली. मग ग्लास सावलीत आणि दोघं वादळात, अशी ती वरात चौकातल्या नूमीच्या दुकानात शिरली. आत नूमी, म्हणजे वाळवलेल्या काळ्या लिंबांचा चहा, उकळत होता. तो आंबट, धुरकट वास नाकात गेला आणि तबारकने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

"एवढं जपताय... जमजमचं पवित्र पाणी आहे का?" तो डोळे चोळत म्हणाला.

"नळाचं पाणी आहे."

"बसऱ्याच्या नळाचं? त्याने तर आम्ही मोटारसायकलही धूत नाही. डाग पडतात."

"म्हणूनच जपतेय."

तो थांबला. तिच्याकडे, मग ग्लासाकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे तुम्ही... कढईवाल्या बाईंच्या?"

तबारकची मान आपोआप ताठ झाली. हो, कढईवाल्या बाईंचीच! इंतिसारबाई तिची सख्खी खाला, म्हणजे मावशी, होती. बावीस वर्षं मुलींच्या शाळेत रसायन शिकवणारी ही बाई यंदा संसदेच्या निवडणुकीला उभी होती. तिच्याकडे ना मंडप, ना गाड्या. तिचा सगळा प्रचार एकोणीस वर्षांच्या तबारकच्या फोनवर चालायचा. दर व्हिडिओत एका मोहल्ल्याच्या नळाचा एक ग्लास. खाला तो कढईत ओतायची, आटवायची, तळाशी राहिलेलं मीठ चमच्याने खरवडून पुडीत भरायची, पुडीवर मोहल्ल्याचं नाव लिहायची आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणायची, "हे तुम्ही आज प्यायलात." बस! ना गाणं, ना झेंडा. आणि लोक ते वेड्यासारखे बघत होते.

"मी मुहैमन," तो म्हणाला. "मीसुद्धा व्हिडिओच करतो. हाजी नूरींच्या कचेरीत."

"घोडेवाले हाजी नूरी?"

त्याने कपाळाला हात लावला. हाजी नूरींचा निवडणुकीचा व्हिडिओ अख्ख्या शहराला पाठ होता. आधी वीस घोडे धावत येतात, मग गरुड किंचाळतो, मग धुक्यातून हाजी प्रकट होतात.

"एक विचारू?" तबारक म्हणाली. "हाजींना घोड्यावर बसता येतं?"

"हाजींना जिना चढताना धाप लागते. घोडे इंटरनेटवरून घेतलेत."

"आणि गरुड?"

"तो..." त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "तो माझ्या फोनचा रिंगटोन आहे."

तबारक इतकी हसली की ग्लास हिंदकळला. त्याने झटकन खालून तळवा धरला. एक थेंब त्याच्या बोटांवर पडला, दुसरा तिच्या. मग दोघांनीही हात मागे घेतले... जरा सावकाशच.

दुकानाच्या काचेवर एक पोस्टर चिकटवलेलं होतं. त्यावर घनदाट मिश्यांचा एक माणूस, आणि खाली लिहिलेलं: 'इंतिसार, जब्बार यांच्या भगिनी, यांना मत द्या.'

"हे कोण?"

"माझे मामा."

"उभं कोण आहे?"

"खाला."

"मग फोटो...?"

"बहिणीचा चेहरा भिंतीवर नको म्हणाले. फोनवर चालतो, कारण मामांचा फोन बटणांचा आहे. अजून त्यांना पत्ताच नाही."

आता हसायची पाळी त्याची होती. हसता हसता त्याने खिशातून चण्याएवढा माइक काढला आणि तिच्यापुढे ठेवला. "तुमच्या व्हिडिओत बाई कमी आणि पंखा जास्त ऐकू येतो. हा त्यांच्या ओढणीला लावा."

"हाजींचा आहे?"

"माझा आहे. शपथ."

वादळ निवळायला तासभर लागला. तबारकला तो दहा मिनिटांचा वाटला.

*

पुढचे तीन आठवडे! कॉलेज सुटलं की चार वाजता नूमीचं दुकान. एका टेबलावर तिने बसायचं, मागच्या टेबलावर त्याने, पाठीला पाठ लावून. मुलगा-मुलगी समोरासमोर बसले की संध्याकाळपर्यंत मामांच्या कानावर गेलंच असतं, म्हणून दोघं आपापल्या भिंतीशी बोलायची. मुहैमन म्हणायचा, मला तुझा चेहरा कमी आणि तुझी खुर्ची जास्त माहीत आहे. तू हसलीस की ती आधी हलते.

हो, 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

ती दिवसभराचं चित्रण न कापता, कच्चं, त्याला पाठवायची. तो पंखा काढायचा, रस्त्यावरचे हॉर्न काढायचा आणि खालाचा आवाज पाण्यातून बाहेर काढल्यासारखा लखलखीत करून परत द्यायचा. प्रतिस्पर्ध्याच्या कचेरीत, प्रतिस्पर्ध्याच्याच संगणकावर! खालाला यातलं काही माहीत नव्हतं. "माइकने कमाल केली गं," एवढंच ती म्हणायची, आणि तबारक कढई घासायला पळायची.

एके दिवशी तिच्या फोनवर त्याचा एक व्हिडिओ आला. सोबत एकच ओळ: 'कामाचा नाही. फक्त तुझ्यासाठी.'

त्यात खालाच होती, पण कढईशिवायची. चित्रण सुरू व्हायच्या आधीची आणि संपल्यानंतरची, इकडेतिकडे राहून गेलेली खाला. मांजर पायात आलं, "फिदवा गं, सोनुले!" वीजबिलवाला आला, "फिदवा रे, चहा घे." टँकरचा ड्रायव्हर घामाने निथळत उभा होता, "फिदवा, माझ्या डोळ्या... ये, आत ये, उन्हात उभा राहू नकोस." कढई करपली, तर कढईलासुद्धा फिदवा! तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते, असं बसऱ्यातली प्रत्येक पन्नाशीची बाई दिवसातून शंभर वेळा म्हणते. भाजीवाल्याला, डॉक्टरला, उंबऱ्यावरच्या चिमणीला. मुहैमनने त्या सगळ्या एकापुढे एक जोडल्या होत्या, मांजराचं म्याँव मधूनमधून पेरलं होतं आणि खाली हळूच ऊद या तंतुवाद्याची तार छेडली होती. मोजून चौदा.

तबारकची खुर्ची गदागदा हलली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

"तुमच्या घरात मांजरालाही मिळते," मागून भिंतीशी बोलणं आलं. "करपलेल्या कढईला मिळते. मीच तेवढा राहिलोय."

"ती पन्नाशीनंतर वाटायची असते."

"आणि पन्नाशीच्या आधी?"

तबारकने चहातलं लिंबू चमच्याने दाबलं. "आधी... आधी एकदाच म्हणायची असते."

मागची खुर्ची करकरली.

"मग मी थांबतो."

"पन्नाशीपर्यंत?"

"एकदापर्यंत," तो म्हणाला.

*

मतदानाला दहा दिवस उरले होते. गुरुवारी सकाळी अकराला तबारक कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. आधी एकीचा फोन थरथरला, मग तिघींचा, मग सगळ्यांचा. कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. तबारकने मान वर केली. सगळ्याजणी तिच्याकडेच बघत होत्या.

एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ होता. अंधारलेली खोली. पाठमोरी बाई, खालाच्याच रंगाची ओढणी. एका पुरुषाची सावली. आणि खालाचा आवाज, स्वच्छ, लखलखीत, जरासा दमलेला: "फिदवा, माझ्या डोळ्या... ये, आत ये." मग दार लागतं. खाली लिहिलेलं: 'बाईंचं खरं रसायन.'

ती खालाच्या घरी कशी पोचली, तिला कळलं नाही. दुपारपर्यंत खालाच्या फाटकावर काळ्या रंगात एक शब्द फासलेला होता. तो शब्द तबारकने कधी तोंडातून काढला नव्हता आणि आताही वाचून पूर्ण केला नाही. शाळेतून निरोप आला की निवडणूक होईपर्यंत बाईंनी येऊ नये. निरोप आणणारी शिपाईबाई रडत होती. तिला खाला म्हणाली, "फिदवा गं, पाणी पिऊन जा..." आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडताच खालाने स्वतःच्या ओठांवर हात ठेवला. जणू काही तो शब्द आता तिचा राहिलाच नव्हता.

मामा जब्बार आले ते दोन म्हाताऱ्या भाऊबंदांना घेऊन. तबारकने तीन पेल्यांत कॉफी ओतली. तिघांनीही पेले उचलले नाहीत, नुसते समोर ठेवून घेतले. आपली मागणी मान्य झाल्याशिवाय पिणार नाही, असा त्याचा अर्थ होता, आणि तो अर्थ या घरातल्या पोराटोरांनाही कळत होता.

"माघार घे," मामा जमिनीकडे बघत म्हणाले. "उद्या जुम्म्याच्या नमाजाआधी. ज्या फोनवर उभी राहिलीस, त्याच फोनवर."

"ते खोटं आहे, जब्बार."

"आवाज तुझा आहे."

"आवाज माझा आहे. बाकी सगळं खोटं आहे."

"इंतिसार," मामांचा आवाज चिरकला, "खरं-खोटं मी कुणाकुणाला समजावू? घरातली तरणी पोरं पेटलीत. आज मी त्यांना अडवलंय. माघार घेतलीस तर उद्याही अडवेन. नाही घेतलीस तर माझ्या हातात काही राहणार नाही. समजतंय ना, मी काय बोलतोय ते?"

खालाला समजलं. तबारकलाही समजलं. प्रश्न आता खुर्चीचा नव्हताच. प्रश्न होता, पुढचा जुम्मा खाला बघणार की नाही.

तिघं गेले. कॉफी तशीच राहिली, वर साय धरलेली.

तबारकने न्हाणीघरात जाऊन तो व्हिडिओ पुन्हा लावला. कानाशी धरून, डोळे मिटून. एकदा. पाचदा. आणि सहाव्यांदा तिला ते ऐकू आलं. "माझ्या डोळ्या"च्या शेपटाशी, अगदी बारीक... म्याँव.

मांजर! पण टँकर आला त्या दिवशी मांजर कुठे होतं? मांजर तर आदल्या आठवड्यातलं. दोन वेगळे दिवस, दोन वेगळे तुकडे. मांजराचं म्याँव त्या वाक्यावर येतं ते जगात एकाच ठिकाणी. मुहैमनने पाठवलेल्या त्या चौदा फिदवांच्या व्हिडिओत.

*

चार वाजता ती नूमीच्या दुकानात शिरली आणि सरळ त्याच्या समोरच बसली. एकाच टेबलावर, तोंडासमोर तोंड. दुकानदाराने वळून बघितलं. बघू दे.

मुहैमनचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मला मांजराने सांगितलं," ती म्हणाली.

"तबारक..."

"शपथ घेऊन सांग. तुला माहीत होतं?"

"नव्हतं. कामाच्या फोल्डरमध्ये नको म्हणून मी ते वेगळं ठेवलं होतं. त्यावर तुझं नाव लिहिलं होतं, मूर्खासारखं. म्हणून तर कचेरीतल्यांनी उघडलं." त्याने चहा बाजूला सारला. "सकाळी मला बोलावून दाखवलं. हसत होते सगळे. आमचा मुख्य माझी पाठ थोपटून म्हणाला, 'इतका साफ आवाज कुठून आणलास रे पोरा?'"

तबारकने हातातला फोन टेबलावर उपडा ठेवला.

"मीच साफ केला होता," तो म्हणाला. "पंखा मी काढला. टँकरचं इंजिन मी काढलं. ते इंजिन तिथे असतं ना, तर कुणाला खोली वाटलीच नसती."

किटली उकळत राहिली. तोच वास, तेच टेबल. तबारकला वाटलं, त्याच्या थोबाडीत मारावी. मग वाटलं, त्याच्या भुवईवर अजून धूळ आहे का बघावं. दोन्ही एकाच वेळी वाटलं आणि त्याचाच तिला संताप आला.

"मी बोलतो," मुहैमन म्हणाला. "माझं नाव सांगून, चेहरा दाखवून. सगळे तुकडे आहेत माझ्याकडे. टँकर, इंजिन, सगळं."

ती नुसतं 'बोल' म्हणाली असती तर खाला वाचली असती. एक शब्द! पण तिला पुलापलीकडचा तो मुलगा आठवला. गेल्या उन्हाळ्यात फोनसमोर बसून त्याने कुणाचंतरी नाव घेतलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी कालव्याच्या कडेला नुसती त्याची मोटारसायकल सापडली होती. हाजींच्या कचेरीबाहेर ती माणसं असतात ना, काळ्या काचांच्या गाड्यांत बसलेली... ती काही इंटरनेटवरून घेतलेली नव्हती.

"नको," तिच्या तोंडून निघालं.

"मग बाईंचं काय?"

"मला माहीत नाही!" ती जवळजवळ किंचाळली. "मला काही माहीत नाही. तू नको, एवढंच माहीत आहे."

आणि ती उठली. तो चहाही तसाच राहिला. चालता चालता तिला रडू कोसळलं. खालाला तिने आज विकून टाकलं होतं, आणि पुन्हा कुणी विचारलं असतं तरी तिने पुन्हा 'नको'च म्हटलं असतं.

*

शुक्रवार. सकाळचे साडेअकरा. स्वयंपाकघरात तबारक फोन धरून उभी होती. टेबलामागे खाला बसली होती. तिच्यासमोर कढई, आणि एकतीस मोहल्ल्यांच्या एकतीस पुड्या. त्या तिनेच मांडून घेतल्या होत्या. "जाताना निदान कपाट आवरून जाते," म्हणाली होती. दारात मामा उभे होते. त्यांना दिलेली कॉफी ओट्यावर होती, न पिता.

मामांनी लिहून आणलेला कागद खालाने हातात धरला. बावीस वर्षं ज्या हाताने फळ्यावर सूत्रं लिहिली, त्याच हाताने तिने कागदाच्या घड्या सरळ केल्या.

"सुरू कर, पोरी."

तबारकने बटण दाबलं.

"मी, इंतिसार..." खालाने वाचायला सुरुवात केली. "घरगुती कारणांमुळे..."

फोन थरथरला. पडद्याच्या वरच्या कडेला एक चौकोन घसरत आला, आणि त्यात पांढऱ्या छत्रीपुढे बसलेला एक चेहरा.

"नाही..." तबारक पुटपुटली. "नाही, नाही, नाही."

"काय झालं?" मामा पुढे आले.

तिने चित्रण थांबवलं, तो व्हिडिओ लावला आणि फोन पुड्यांना टेकवून उभा केला.

मुहैमनने आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग वडिलांचं. मग कचेरीचं. त्याचा आवाज कापत होता आणि मागे पंखा घरघरत होता. या वेळी त्याने तो काढला नव्हता.

"काल तुम्ही जो आवाज ऐकलात, तो मी साफ केला होता," तो म्हणाला. "कुणाला तरी हसवायला. तिथे खोली नव्हती. दार नव्हतं. टँकर होता, एकोणपन्नास डिग्री ऊन होतं, आणि एक बाई एका दमलेल्या माणसाला सावलीत बोलावत होती. आता इंजिनासकट ऐका. आणि मग हेही ऐका."

आणि त्या चौदाच्या चौदा सुरू झाल्या. कापाकापी नाही, ऊद नाही. मांजर. वीजबिलवाला. टँकर, धडधडणाऱ्या इंजिनासकट. खाला तोंडावर ओढणी धरून बघत होती. तिने स्वतःला असं कधी पाहिलंच नव्हतं.

सातव्या फिदवेला पडद्यावर मामा आले.

स्वतः मामा जब्बार! पोस्टरांचा गठ्ठा काखेत मारून, फाटकातून घाम पुसत येणारे. आणि खालाचा आवाज: "फिदवा रे जब्बार, तुझ्या या मिश्यांवरून! बहिणीसाठी किती धावतोस रे!"

मामांनी दाराची चौकट धरली. पडद्यावरचे मामा लाजून मिशीवरून हात फिरवत होते. दारातले मामा हलले नाहीत. व्हिडिओ पुढे गेला, चिमणी झाली, कढई झाली, संपला. स्वयंपाकघरात नळाची टपटप तेवढी उरली.

मग मामा ओट्यापाशी गेले. थंडगार झालेली कॉफी त्यांनी उचलली आणि साय न काढता, एका घोटात पिऊन टाकली.

"पोरांना मी बघतो," ते म्हणाले. "त्यांना हा दाखवतो. माझ्या शब्दावर थांबतील." जरा वेळाने म्हणाले, "पण भिंतींवरून माझे फोटो काढून घेतो, इंतिसार. तेवढं धाडस नाही माझ्यात."

"मग भिंतीवर काहीच नसेल," खाला म्हणाली.

"नसेल."

खालाने तो कागद दोनदा घडी घातला आणि त्यात कढईच्या कडेचं मीठ भरलं. "चालेल. तशीही तिथे मी नव्हतेच."

मामांना हसू आलं नाही. त्यांची नजर फोनवरच होती. "हा मुलगा कोण?"

खालाने तबारककडे पाहिलं. आधी तिच्या चेहऱ्याकडे, मग स्वतःच्या ओढणीला लावलेल्या त्या चण्याएवढ्या माइककडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. बावीस वर्षं वर्गातल्या मुलींचे चेहरे वाचलेली बाई ती.

"अस्सं," एवढंच ती म्हणाली.

"कोणाचाही असो," मामा गाडीची किल्ली चाचपत म्हणाले, "संध्याकाळी तो बसऱ्यात दिसला, तर उद्या कुठेच दिसणार नाही. फोन लाव त्याला. गाडीअड्ड्यावर जायचंय म्हणावं, पण एकट्याने निघू नको, मी आणायला येतो."

*

गाडीअड्ड्यावर दुपारचा नुसता कल्ला होता. "बगदाद! बगदाद! एक सीट, एक सीट!" ड्रायव्हर गळा फाडून ओरडत होते, कलिंगडवाला सुरी वाजवत होता, पोरं रडत होती. मुहैमनला उत्तरेला जायचं होतं, सुलैमानियाला, थोरल्या भावाकडे. तिकडे डोंगर आहेत, तिकडे पाणी गोड आहे. परत कधी, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

मामा गाडीचं मागचं चाक बघायला खाली वाकले. चाकाला काहीही झालेलं नव्हतं. तरी ते बराच वेळ, पाठ करून, बघत राहिले.

"मी नको म्हणाले होते," तबारक म्हणाली.

"ऐकलं होतं."

"मग?"

"रात्रभर तेच ऐकत होतो. 'तू नको, एवढंच माहीत आहे.'" तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "एवढं माझ्या वाट्याला आल्यावर गप्प कसा बसणार होतो?"

मागे कधी पाठीला पाठ लावून बसताना बोलणं किती सोपं होतं! आता समोरासमोर, दिवसाउजेडी, शंभर माणसांत. तिने त्याच्या भुवया बघून घेतल्या. डाव्या भुवईत एक बारीक खूण होती. तीन आठवड्यांत ती तिला दिसलीच नव्हती.

"तुझी आई?"

"तुझ्या मामांनी सोडलं तिला माझ्या मावशीकडे. चांगले आहेत गं तुझे मामा. मिश्या पोस्टरवर जास्त भीतिदायक दिसतात."

"निकाल कळवू?"

"कळव."

"हाजीच येणार निवडून."

"माहीत आहे. तरी कळव." त्याने बगलेतली पांढरी छत्री काढून तिच्या हातात दिली. "उद्या कुठला मोहल्ला?"

"खम्सा मील."

"डोक्यावर नको धरूस. ग्लासावर धर."

गाडी भरली. शेवटच्या सीटवर, खिडकीशी, तो जाऊन बसला. दार लागलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला, इंजिन धडधडलं, आणि गाडी इंचाइंचाने गर्दीतून निघाली. तबारक बाजूने चालत राहिली. मग पळायला लागली. छत्री काखेत, ओढणी खांद्यावर.

"फिदवा!" ती ओरडली. जीव खाऊन, अख्ख्या अड्ड्याला ऐकू जाईल अशी. "फिदवा, माझ्या डोळ्या!"

कुणीसुद्धा वळून पाहिलं नाही. कलिंगडवाला कलिंगड कापत राहिला, ड्रायव्हर ओरडत राहिले. बसऱ्यात हा शब्द दिवसाला हजार वेळा पडतो, कोण कशाला वळेल?

पण शेवटच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं, आणि गाडी पुलावर चढून दिसेनाशी होईपर्यंत ते आत गेलं नाही.